जांभ्यांतील धातू वेगळे कसे होतात?



कोंकणांतील चिरेबंदी घरांचा तांबडा जांभा आपण सर्वांनीं पाहिलेला आहे. डॉ. फ्रान्सिस बुकॅनन यांनीं मलबारांत असाच दगड पाहून, १८०७ सालीं प्रसिद्ध झालेल्या प्रवासवृत्तांत त्यास 'लॅटराइट' हें नांव दिलें. लॅटिन भाषेंत 'लेटर' म्हणजे वीट.

उष्ण प्रदेशांतील पाऊस युगानुयुगें खडकांतील चुना, सोडा व सिलिका धुवून नेतो. मागें राहतात तीं मुख्यतः लोखंडाचीं व ॲल्युमिनियमचीं संयुगें. मूळ खडक तसा असेल तर निकेलही.

मग दगड कुटून त्यावर लोहचुंबक फिरविला म्हणजे झालें काय? नाहीं. येथें लोखंड गंजाच्या रूपांत असतें आणि गंजास चुंबक फारसा ओढीत नाहीं. कोळशाबरोबर बेतानें भाजल्यास त्यांतील कांहीं प्राणवायु निघून जातो व चुंबकास चिकटणारें मॅग्नेटाइट बनतें. तरीही अडचण उरतेच. हे धातू डाळतांदळासारखे शेजारीं शेजारीं नसून मळलेल्या कणकेंतील मिठासारखे एकमेकांत मुरलेले असतात.

म्हणून रसायनशास्त्राकडे वळावें लागतें. बायर या ऑस्ट्रियन शास्त्रज्ञानें १८८८ च्या सुमारास शोधलेल्या रीतीनें, ॲल्युमिनियम विपुल असलेला जांभा, म्हणजे बॉक्साइट, दाहक सोड्याच्या उष्ण द्रावांत शिजवितात. ॲल्युमिनियमचा अंश विरघळतो. लोखंड तळाशीं तांबड्या चिखलांत राहतें. क्यूबांतील मोआ येथें १९५९ पासून निकेलसाठीं गंधकाम्ल वापरतात. मोठ्या दाबाखालीं, सुमारें २५० अंश उष्णतेंत, निकेल व कोबाल्ट द्रावांत उतरतात आणि बहुतेक लोखंड पुन्हां घनरूपानें खालीं बसतें. ओरिसांतील सुकिंदा येथें क्रोमाइटवरील मातींत निकेल आहे, पण तें बहुधा शेंकडा एकाहूनही कमी.

म्हणजे काढलेल्या धातूपेक्षां मागें उरणारा चिखलच पुष्कळ वेळां अधिक! बॉक्साइटच्या चिखलांत लोखंड भरपूर असतें. पण सोडा व अतिसूक्ष्म कण यांमुळें तें काढणें परवडत नाहीं. हंगेरींत ऑयका येथें ऑक्टोबर २०१० मध्यें अशा चिखलाच्या तलावाचा बांध फुटून दहा माणसें दगावलीं.

आपल्याकडील जांभ्याचा सडा पावसाचें पाणी मुरवून खालच्या झऱ्यांना व विहिरींना पुरवितो. तेव्हां तो खोदण्याची योजना पुढें आली, तर धातू किती मिळणार हें विचारण्याबरोबरच, उरलेलें कोठें ठेवणार व पाणी कोठून आणणार, हेंही विचारणें सुज्ञपणाचें होय.