आमच्या घरी तर कुणी आलंच नाही!

एखाद्या पाहणीचा आकडा पेपरात आला की अकोल्यात चहाच्या टपरीवर पहिलं वाक्य ठरलेलं: ‘आमच्या घरी तं कुणी आलंच नाही, मंग हे आकडे आले कुठून?’

शंका रास्त आहे, निष्कर्ष चुकीचा. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत, २०१९ साली, महाराष्ट्रात ३१,६४३ घरांची माहिती घेतली गेली. म्हणजे जिल्ह्यामागे सरासरी पावणेनऊशे घरं. २०११च्या जनगणनेत १८ लाखांवर लोकसंख्या असलेल्या अकोला जिल्ह्यात तुमचं घर त्यात येणं अवघडच. पण कापूस बाजारात व्यापारी तरी अख्खी गाडी कुठे रिकामी करतो? आतवर हात घालून दोन-चार ठिकाणचा मूठभर कापूस काढतो आणि भाव बोलतो. वरचाच पाहिला तर फसतो. पाहणीतही गावं जनगणनेच्या यादीतून चिठ्ठ्या टाकाव्यात तशी निवडतात, निवडलेल्या गावातल्या घरांची ताजी यादी करतात आणि तिच्यातून २२ घरं काढतात. कोणत्या दारात जायचं हे विचारणाऱ्याच्या मर्जीवर राहत नाही.

माणसं जास्त तेवढा आकडा खरा, हाही गैरसमजच. १९३६च्या अध्यक्षीय निवडणुकीआधी अमेरिकेतल्या ‘लिटररी डायजेस्ट’ साप्ताहिकाकडे वीस लाखांहून अधिक लोकांनी कौल पाठवला. त्यावरून लँडन जिंकणार असं साप्ताहिकाने छापलं. जिंकले रूझवेल्ट, तेही प्रचंड मताधिक्याने. कौल मागवण्यासाठीचे पत्ते टेलिफोन आणि मोटारी असलेल्यांच्या याद्यांमधून घेतले होते, आणि काळ मंदीचा होता. आपल्याकडे सातपुड्याच्या पायथ्याशी संत्र्याच्या बागा, आणि तिथून थोडं खाली पूर्णेच्या खारपाणपट्ट्यात विहिरीचं पाणी तोंडात धरवत नाही. पायथ्याच्या हजार बागायतदारांना विचारलं तरी खारपाणपट्ट्यातल्या कोरडवाहू शेतकऱ्याचं काहीच कळणार नाही. व्हॉट्सअ‍ॅपवर फिरवलेल्या फॉर्मचं तेच होतं. तो ज्यांच्यापर्यंत पोहोचला आणि ज्यांना भरावासा वाटला, त्यांचंच मत त्यात येतं.

सगळ्यात जास्त गफलत होते ती प्रश्नात, आणि तिच्याकडे सगळ्यात कमी लक्ष जातं. ओट्यावर बसून विचारा, ‘कर्ज आहे का?’ उत्तर येईल, ‘नाही जी.’ कागदावर ‘नाही’ची खूण होते. मग विचारा, बियाणं-खत कुठून आणलं? ‘कृषी केंद्रातून, उधारीवर. कापूस विकला की देऊ.’ त्या माणसाने खोटं सांगितलेलं नसतं. त्याच्या बोलीत कर्ज म्हणजे बँकेचं किंवा सोसायटीचं. कृषी केंद्राची ती उधारी आणि सोयऱ्याचे ते हातउसने. घरातल्या बाईला विचारा, ‘तुम्ही काम करता का?’ ती म्हणेल, ‘नाही, घरीच असते.’ आणि तिच्या बोटांना पऱ्हाटीच्या बोंडांचे ओरखडे असतात. ‘मागच्या सात दिवसांत निंदायला, वेचायला किती दिवस गेलात?’ असं विचारलं की खरं उत्तर येतं. लोक खोटं बोलतात, असं म्हणण्याआधी आपला प्रश्न तपासायला हवा. विचारतो कोण, यानेही उत्तर बदलतं. वही घेऊन तलाठी आला की मदतीची आशा आणि चौकशीची भीती दोन्ही जाग्या होतात.

घरोघर मोजणी केली की कारणही कळतं, असंही वाटतं. २००६ साली अमरावती विभागातले पाच जिल्हे आणि वर्धा इथे सतरा लाखांवर शेतकरी कुटुंबांची सरकारी पाहणी झाली. कोण किती अडचणीत आहे हे कळायला ती हवीच होती. त्याच वर्षी अर्थतज्ज्ञ श्रीजित मिश्रा यांचा शेतकरी आत्महत्यांवरचा अहवाल आला. त्यात यवतमाळ, वर्धा आणि वाशिम (म्हणजे १९९८पर्यंत अकोला जिल्ह्याचाच भाग) इथली आत्महत्या झालेली १११ कुटुंबं होती, आणि तुलनेसाठी आत्महत्या न झालेली १०६. ही दुसरी कुटुंबं नसती तर नुसतं ‘ते कर्जात होते’ एवढंच हाती आलं असतं. कर्ज तर शेजाऱ्यालाही होतं. शेजाऱ्याशी तुलना केली तेव्हाच फरक दिसतो: कर्जाचा बोजा जास्त, बैल कमी. सतरा लाखांच्या मोजणीला न सुटणारा प्रश्न या सव्वादोनशेहून कमी घरांनी पुढे नेला.

आता प्रबंधासाठी गावात जाणाऱ्या मुलामुलींना एक विनंती. वेचणीच्या दिवसांत दुपारी कुलूप दिसलं म्हणून शेजारचं उघडं घर घेऊ नका. कुलूप लावून शेतात गेलेलीच माणसं तुमच्या प्रश्नाचा विषय आहेत. दिवेलागणीला परत जा आणि तेच दार वाजवा.