श्रम संहिता आणि छोटा नियोक्ता : कायदा बदलला, नोंदवह्या बदलल्या का?

२१ नोव्हेंबर २०२५ रोजी केंद्र सरकारने चार श्रम संहिता अमलात आणल्या आणि २९ जुने कामगार कायदे त्यांत विलीन झाले. वेतन संहिता २०१९ची असून औद्योगिक संबंध, सामाजिक सुरक्षा आणि व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थिती या तीन संहिता २०२०च्या आहेत. मोठ्या कंपन्यांकडे असे बदल टिपण्यासाठी स्वतंत्र विभाग असतो. वेर्णा किंवा कुंडई औद्योगिक वसाहतीतील लहान कारखानदार, किनाऱ्यावरील हॉटेलमालक, म्हापसा-मडगावचा दुकानदार यांची भिस्त मात्र बहुधा महिन्यातून एकदा येणाऱ्या हिशेबनिसावर असते. कायद्याच्या अज्ञानाची सबब चालत नाही, हे तत्त्व या दोघांनाही सारखेच लागू आहे.

वेतन म्हणजे नेमके काय?

सर्वांत दूरगामी बदल वेतनाच्या व्याख्येत झाला आहे. मूळ वेतन कमी ठेवून उरलेली रक्कम भत्त्यांत दाखवण्याची पद्धत अनेक ठिकाणी रूढ आहे. ग्रॅच्युइटीसारखी देणी मूळ वेतन व महागाई भत्ता यांवर मोजली जात असल्याने त्यात मालकाची बचत होत असे. नव्या व्याख्येनुसार घरभाडे, प्रवास यांसारखे वगळलेले घटक एकूण मोबदल्याच्या निम्म्याहून अधिक झाले, तर वरची रक्कम वेतनातच धरली जाते.

एक उदाहरण पाहू. एखाद्या कर्मचाऱ्याचा एकूण मोबदला ४०,००० रुपये आहे. त्यात मूळ वेतन १६,००० आणि वगळण्याजोगे भत्ते २४,००० रुपये आहेत. भत्त्यांची मर्यादा २०,००० ठरते. वरचे ४,००० रुपये वेतनात मिळवले की वेतन २०,००० होते. एका वर्षाच्या सेवेची ग्रॅच्युइटी वेतनाला १५ने गुणून २६ने भागल्यावर मिळते. पूर्वी ती सुमारे ९,२३१ रुपये झाली असती, आता सुमारे ११,५३८ होते. भविष्यनिर्वाह निधी १५,००० रुपयांच्या वैधानिक मर्यादेवरच भरला जात असेल, तर या उदाहरणात त्या कपातीत फरक पडत नाही. म्हणजे हातात येणारा पगार तेवढाच राहतो, मालकाची भावी जबाबदारी मात्र वाढते. तिची तरतूद आजच्या ताळेबंदात करावी लागेल.

मुदतीच्या नेमणुका

ठरावीक मुदतीच्या करारावर माणसे घेण्याची प्रथा पर्यटन व्यवसायात जुनी आहे. एरवी ग्रॅच्युइटीसाठी पाच वर्षांची सलग सेवा लागते. मुदतीच्या करारावरील कर्मचारी मात्र एका वर्षाच्या सेवेनंतर तिला पात्र ठरतो. शिवाय वेतन, कामाचे तास व इतर लाभ यांत त्याला तेच काम करणाऱ्या कायम कर्मचाऱ्यापेक्षा कमी देता येत नाही. ‘वर्षाचा करार, म्हणून देणे नाही’ हा समज त्यामुळे आता महागात पडू शकतो.

नेमणूकपत्राबाबतही हेच म्हणता येईल. दहा किंवा अधिक कामगारांच्या आस्थापनांत प्रत्येकाला लेखी नेमणूकपत्र देणे बंधनकारक आहे. स्त्रियांना संध्याकाळी सातनंतर किंवा सकाळी सहापूर्वी कामावर बोलावता येते. मात्र त्यासाठी त्यांची संमती हवी आणि सुरक्षिततेच्या अटी पाळल्या गेल्या पाहिजेत.

पुराव्याचा भार मालकावर

मासिक वेतन पुढील महिन्याच्या सात तारखेपर्यंत देणे आवश्यक आहे. कर्मचाऱ्याने राजीनामा दिला किंवा त्याला काढून टाकले, तर त्याचे वेतन दोन कामाच्या दिवसांत चुकते करावे लागते. वेतनाच्या दाव्यासाठी तीन वर्षांची मुदत आहे आणि पैसे दिल्याचे सिद्ध करण्याची जबाबदारी मालकाची आहे. रोखीने, सही न घेता दिलेला पगार प्रामाणिक मालकालाही अडचणीत आणू शकतो. देय रकमेपेक्षा कमी दिल्यास ५०,००० रुपयांपर्यंत दंड होतो. पाच वर्षांच्या आत तोच गुन्हा पुन्हा घडल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात.

जे बदलले नाही, तेही पाहावे

सगळेच कायदे संहितांत गेलेले नाहीत. ‘गोवा, दमण आणि दीव दुकाने व आस्थापने कायदा, १९७३’ हा राज्याचा कायदा त्या २९ कायद्यांत नाही. कामाच्या ठिकाणी स्त्रियांच्या लैंगिक छळास प्रतिबंध करणारा २०१३चा कायदाही स्वतंत्र आहे. दहा किंवा अधिक कर्मचारी असल्यास अंतर्गत समिती नेमावीच लागते. या कायद्याच्या अंमलबजावणीतील त्रुटींवर सर्वोच्च न्यायालयाने मे २०२३मध्ये ताशेरे ओढले व देशव्यापी निर्देश दिले, ते गोव्यातूनच गेलेल्या एका प्रकरणात.

कामगार हा विषय राज्यघटनेच्या समवर्ती सूचीत असल्याने संहिता केंद्राची असली, तरी तिच्याखालील अनेक नियम राज्य करते. म्हणून केवळ दिल्लीची बातमी वाचून भागत नाही. राज्याचे राजपत्र आणि कामगार आयुक्त कार्यालयाच्या अधिसूचनाही पाहाव्या लागतात.

वेळापत्रक असावे

व्यवहारात चार गोष्टी उपयोगी पडतात. पहिली, आस्थापनाला लागू होणाऱ्या कायद्यांची एक पानाची यादी करावी व कामगारसंख्या १०, २० किंवा ५० ओलांडताच ती पुन्हा तपासावी, कारण अनेक तरतुदी संख्येवर लागू होतात. दुसरी, किमान वेतनातील महागाई भत्त्याच्या नव्या अधिसूचनेसाठी एप्रिल व ऑक्टोबर महिन्यांत आठवणीने चौकशी करावी. तिसरी, ठेकेदाराकडून माणसे घेतली असल्यास त्यांच्या पगाराचा व निधीभरणाचा पुरावा दरमहा मागून घ्यावा. ठेकेदाराने वेतन थकवले, तर ते देण्याची पाळी मूळ आस्थापनावर येते. चौथी, प्रत्येक बदल कर्मचाऱ्यांना त्यांना समजणाऱ्या भाषेत लेखी कळवावा. हिशेबनीस कागद तयार करील. पण त्यांवर सही मालकाची असते आणि उत्तरही त्यालाच द्यावे लागते.