मिडल स्कूल, अमेरिकेच्या छोट्या शहरांतील

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत प्राथमिक शाळा व हायस्कूल यांच्या दरम्यान असलेली, बहुधा सहावी ते आठवी या इयत्तांची (वय सु. ११ ते १४ वर्षे) सार्वजनिक शाळा. मराठीत ‘माध्यमिक शाळा’ हा शब्द हायस्कूलसाठी रूढ झाल्यामुळे तो येथे योजता येत नाही; इयत्तांच्या दृष्टीने ही शाळा आपल्याकडील उच्च प्राथमिक शाळेला अधिक जवळची आहे. १९०९ मध्ये ओहायओ राज्यातील कोलंबस येथे सातवी ते नववीसाठी ज्युनिअर हायस्कूल निघाले. ही शाळा हायस्कूलची लहान प्रतिकृती न राहता पौगंडावस्थेच्या उंबरठ्यावरील मुलांच्या गरजांवर उभारावी, असे मत विल्यम अलेक्झांडर या शिक्षणतज्ज्ञाने १९६३ मध्ये मांडले. तेव्हापासून ‘मिडल स्कूल’ ही संज्ञा रूढ होत गेली.

या शाळा ‘स्कूल डिस्ट्रिक्ट’ नावाच्या स्थानिक मंडळाकडे असतात. हे मंडळ म्हणजे महसुली जिल्हा नव्हे. त्याला स्वतःची हद्द, बहुधा निर्वाचित सभासद आणि बहुतेक राज्यांत मालमत्ता कर बसविण्याचा अधिकार असतो. या करामुळे मंडळामंडळांत पडणारी आर्थिक विषमता संघीय संविधानाचा भंग करीत नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने टेक्सस राज्यातील सान अँटोनिओच्या खटल्यात ५ विरुद्ध ४ मतांनी दिला (१९७३). छोट्या शहराच्या मंडळात प्राथमिक शाळा वस्तीनुसार दोन-चार असल्या, तरी मिडल स्कूल बहुधा एकच असते. निरनिराळ्या वस्त्यांतील मुले येथे प्रथमच एका छपराखाली येतात. शिवाय जुने रहिवासी वयस्क आणि नवागत कुटुंबे तरुण असली, की शहराच्या लोकसंख्येतील बदल जनगणनेच्या आकड्यांपेक्षा शाळेच्या हजेरीपटावर आधी दिसतो.

नेब्रास्का राज्यातील लेक्सिंग्टन हे याचे ठळक उदाहरण होय. १९८०–९० या दशकात तेथील शेतीयंत्रांचा कारखाना बंद पडला. १९९० मध्ये त्याच जागी आयबीपी या कंपनीचा गोमांसप्रक्रियेचा कारखाना सुरू झाला (२००१ मध्ये ही कंपनी टायसन फूड्सने घेतली). कारखान्यातील कामासाठी प्रथम मुख्यतः लॅटिन अमेरिकन वंशाची व पुढे सोमाली कुटुंबे आली. शहराची लोकसंख्या १९९० मध्ये ६,६०१ होती, ती २००० मध्ये १०,०११ झाली. त्या वेळी निम्म्याहून अधिक रहिवासी लॅटिन अमेरिकन वंशाचे होते. दहा वर्षांत विद्यार्थ्यांची मातृभाषाच बदललेल्या अशा शाळेचे आधीचे व नंतरचे सरासरी गुण शेजारी-शेजारी मांडून शिक्षकांचा कस ठरविणे अर्थातच अशास्त्रीय आहे. परंतु व्यवहारात तसे सर्रास केले जाते.

२००२ च्या संघीय कायद्याने तिसरी ते आठवीच्या विद्यार्थ्यांची वाचन व गणित या विषयांत दरवर्षी चाचणी घेणे आणि तिचे निकाल वंश, गरिबी, अपंगत्व व इंग्रजीचे अपुरे ज्ञान यांनुसार गटवार प्रसिद्ध करणे राज्यांना आवश्यक केले. सरासरीआड दडलेली मुले त्यामुळे दिसू लागली, हे या कायद्याचे श्रेय निर्विवाद आहे. मात्र २०१३-१४ पर्यंत सर्व विद्यार्थी प्रवीण व्हावेत हे त्याचे उद्दिष्ट कोठेच साध्य झाले नाही, आणि २०१५ मध्ये त्याची जागा नव्या कायद्याने घेतली. इंग्रजी शिकणाऱ्यांच्या गटाबाबत एक विचित्र अडचण आहे. इंग्रजी चांगले येऊ लागलेला विद्यार्थी गटातून बाहेर पडतो आणि त्याच्या जागी नवागत येतो. मग शाळा कितीही चांगली असली तरी गटाची सरासरी चढत नाही. पुढे अशा विद्यार्थ्यांचे गुण काही वर्षे गटातच धरण्याची मुभा देण्यात आली (प्रथम दोन, २०१५ च्या कायद्यान्वये चार वर्षे).

छोट्या शाळेत संख्येचाही प्रश्न येतो. एखाद्या गटात वीसच विद्यार्थी असतील, तर दोघांच्या निकालाने टक्केवारी दहाने बदलते. एका वर्षी गौरविलेली शाळा दुसऱ्या वर्षी नापसंत ठरण्यामागे पुष्कळदा एवढेच कारण असते. गरिबीचे मापही डळमळीत आहे. कुटुंबाचे उत्पन्न संघीय दारिद्र्यमर्यादेच्या १३० टक्क्यांपर्यंत असल्यास शाळेत मोफत व १८५ टक्क्यांपर्यंत असल्यास सवलतीत भोजन मिळते. या लाभार्थींचे प्रमाण हाच गरिबीचा निर्देशांक मानण्याची जुनी प्रथा आहे. तथापि २०१० च्या कायद्याने गरीब वस्तीतील शाळांना अर्ज न मागविता सर्वच विद्यार्थ्यांना मोफत भोजन देण्याची सोय केली. तेव्हापासून काही शाळांच्या पत्रकांत हा आकडा एकदम शंभर टक्के दिसू लागला. शहर मात्र होते तेवढेच गरीब राहिले.

विद्यार्थ्यांच्या गुणांतील फरक शाळेच्या साधनसामग्रीपेक्षा कौटुंबिक पार्श्वभूमीशी अधिक निगडित असतात, असे जेम्स कोलमन यांच्या १९६६ च्या अहवालात दिसून आले होते. पुढे शॉन रिअर्डन यांनी देशभरच्या मंडळांतील तिसरी ते आठवीचे गुण तपासले. सरासरी गुण पालकांच्या आर्थिक स्थितीबरोबर चढतात-उतरतात. परंतु एका इयत्तेतून पुढच्या इयत्तेत जाताना होणाऱ्या प्रगतीचा या स्थितीशी संबंध बराच क्षीण असतो, असे त्यांना आढळले. शिकागोच्या गरीब मंडळात मुलांनी पाच वर्षांत सुमारे सहा वर्षांइतकी प्रगती केली होती. त्यामुळे मिडल स्कूलची पारख करताना मूल सहावीत काय घेऊन आले व आठवीतून काय घेऊन गेले, हे पाहणे अधिक न्याय्य ठरते. देशाचा सर्वसाधारण कलही ध्यानात घ्यावा लागतो. राष्ट्रीय मूल्यमापनात आठवीच्या गणिताची सरासरी २०१९ मध्ये २८२ होती, ती २०२२ मध्ये २७४ वर आली; ही घसरण एखाद्या शहरातील नवागतांच्या माथी मारणे चूक होईल.

लेक्सिंग्टनचा कारखाना जानेवारी २०२६ मध्ये बंद करण्याची घोषणा टायसनने नोव्हेंबर २०२५ मध्ये केली. सुमारे ११,००० वस्तीच्या या शहरात कारखान्याचे कामगारच ३,२०० च्या आसपास होते. कामगार स्थलांतर करू लागले, तर पटसंख्या, तिच्यावर अवलंबून असलेले राज्याचे अनुदान आणि चाचणीस बसणारे गट हे तिन्ही बदलतील. वर्गातील अध्यापनात काहीही फरक न पडता शाळेचे गुणपत्रक निराळे दिसेल.