सही फक्त तिची

इंदुरीहून तळेगाव गाठा की चाकण, दोन्हीकडे कारखाने. आणि आसपास भाड्याच्या खोल्यांत राहणाऱ्या कामगार मुली. एखादीची पाळी चुकली की ती आधी मैत्रिणीला विचारते, मग औषधाच्या दुकानात. डॉक्टरकडे जाते ती सगळ्यात शेवटी. तोवर आठवडे सरतात.

आठवडे मोजायचे ते शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून. म्हणजे महिन्याला नियमित येणारी पाळी आठवडाभर लांबली, तर पाच आठवडे झालेच. नऊ आठवड्यांपर्यंत गोळ्यांनी गर्भपात होतो, पण डॉक्टरांनी तपासूनच. गर्भ नळीत असेल तर गोळ्यांनी काम होत नाही आणि जिवावर बेतते. नऊ आठवड्यांपुढे सहसा पिशवी साफ करावी लागते. वीस आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरचे मत पुरते. वीस ते चोवीसमध्ये दोघांचे लागते, तेही बलात्कारपीडित, अल्पवयीन, विधवा, घटस्फोटित अशा ठरावीक स्त्रियांसाठी. अविवाहितांनाही ही मुभा आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने २९ सप्टेंबर २०२२ रोजी स्पष्ट केले.

तरी ‘नवऱ्याला घेऊन या’ हे वाक्य दवाखान्यांतून सुटत नाही. गर्भपाताचा कायदा १९७१चा, तो ज्या समितीच्या अहवालावरून आला, तिचे अध्यक्ष शांतिलाल शाह महाराष्ट्राचेच मंत्री. अठरा वर्षांवरील स्त्रीला या कायद्यात दुसऱ्या कुणाची सही लागत नाही. संमतीचा फॉर्म सीलबंद पाकिटात जातो, पाकिटावर ‘गुप्त’ लिहितात, आणि प्रवेशनोंदवही सोडली तर बाकीच्या कागदांवर नाव नाही, नुसता क्रमांक. अठरा पूर्ण नसतील तर पालकांची संमती लागते. पोलिसांना कळवणेही आलेच, पण मुलीने आणि पालकांनी सांगितले तर डॉक्टर तिचे नाव उघड न करता कळवू शकतात.

‘गर्भलिंगनिदान हा गुन्हा आहे’ ही पाटी प्रत्येक सोनोग्राफी केंद्रात दिसते. ती हवीच. २०१२च्या परळीतल्या स्त्रीभ्रूणहत्या प्रकरणानंतर राज्यात धसका बसला तोही समजण्याजोगा. पण त्यात गर्भलिंगनिदानाचा आणि गर्भपाताचा अशा दोन कायद्यांची गल्लत झाली, आणि गर्भपात म्हणजेच गुन्हा असे अनेकींना वाटू लागले. मान्यताप्राप्त केंद्रात कायदेशीर गर्भपात होतो, ही पाटी मात्र मला कुठे दिसली नाही.

मूल वाढवणे जमणार नाही आणि गर्भपातही नको, असे असेल तर दत्तकाचा मार्ग आहे. विधवांना गुपचूप बाळंत होता यावे म्हणून फुले दांपत्याने १८६३ साली पुण्यात घर उघडले होते. आज बाळ बालकल्याण समितीकडे सोपवता येते. कागदावर सही केल्यावरही आईला फेरविचारासाठी साठ दिवस मिळतात.