०७१३६ : सूरजागडचा एसटीडी कोड आणि तिथले अर्थकारण

गडचिरोली जिल्ह्यातील एटापल्ली तालुक्याचा एसटीडी कोड ०७१३६. सूरजागडचा लोहखनिजाचा डोंगर याच कोडच्या हद्दीत येतो. सिरोंचा ०७१३१, गडचिरोली ०७१३२, अहेरी ०७१३३, भामरागड ०७१३४, चामोर्शी ०७१३५, अशी ही साखळी आहे. चंद्रपूरचा कोड ०७१७२. पहिले शून्य ही परगावच्या कॉलची खूण. पुढचे चार अंक आणि सहा अंकी स्थानिक क्रमांक मिळून दहा अंक होतात.

कोडवर पैशांचा हिशेब चाले. दूरसंचार खात्याने देशाची अडीच हजारांहून अधिक आकारणी क्षेत्रे पाडली. साधारण एका तालुक्याचे एक क्षेत्र. दोन क्षेत्रांच्या मुख्य ठिकाणांमधले अंतर आणि कॉलची वेळ यांवर दर ठरे. रात्री दर उतरत, म्हणून एसटीडी बूथवर रात्रीच गर्दी होई.

०७१३६ च्या हद्दीतील माडिया गोंड आदिवासींचा संसार भात, मोहफूल, बांबू आणि तेंदूपत्ता यांवर चालतो. उन्हाळ्यात तेंदूची पाने तोडून सत्तर-सत्तर पानांचे पुडके बांधतात. हजार पुडक्यांची एक प्रमाण गोणी. २००६ चा वनहक्क कायदा आणि आदिवासी भागांतील पंचायतींचा पेसा कायदा यांमुळे गौण वनोपजावर ग्रामसभांचा हक्क आला. धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) गावाला २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळाला. आता कंत्राटदाराशी दर ग्रामसभाच ठरवते. शेजारच्या गावाला काय भाव मिळाला, हे वेळेत कळले तर तिचे पारडे जड होते. इथे फोनची किंमत थेट मजुरीत मोजता येते.

लोहखनिजाची कथा वेगळी. २००७ मध्ये लॉइड्स मेटल्स कंपनीला सूरजागड येथे सुमारे ३४८ हेक्टरचा खाणपट्टा मिळाला. उत्खनन २०१६ मध्ये सुरू झाले. त्याच वर्षी डिसेंबरात माओवाद्यांनी खाणीवरची अनेक वाहने जाळली. थांबलेले काम २०२१ मध्ये पुन्हा सुरू झाले. हा डोंगर माडियांच्या ठाकूरदेवाचे स्थान आहे. दर जानेवारीत तिथे यात्रा भरते आणि अनेक ग्रामसभांनी खाणीला विरोध नोंदवला आहे. सुरुवातीला खनिज कंपनीच्या घुग्घुसच्या कारखान्याकडे, म्हणजे चंद्रपूर जिल्ह्यात जाई. पुढे कंपनीचा कोनसरीचा प्रकल्प चामोर्शी तालुक्यात उभा राहिल्याने प्रक्रियेचे काम गडचिरोलीतच होऊ लागले.

मोबाइलला तालुक्याचा कोड नसतो. नक्षलग्रस्त भागांत टॉवर उभारण्याच्या योजनेला केंद्राने २०१४ मध्ये मंजुरी दिली. पुढे या भागांतील टॉवर फोर-जीवर नेण्याचे ठरले. मोबाइलमुळे अंतरानुसार ठरणारा दर मागे पडला आणि रेंज मिळणे हाच खरा प्रश्न उरला. खाणीला संपर्काची सोय स्वतःच्या बळावर करता येते, पण डोंगराआडच्या पाड्यावरच्या ग्रामसभेला ती मिळायलाच हवी. तेंदूचा भाव असो की खाणीची जनसुनावणी, ज्या गावाला वेळेत खबर मिळते, तेच आपल्या हक्काचा वापर करू शकते.