काडी कोणाची, कचरा कोणाचा?

२०२५च्या जानेवारीत लॉस एंजेलिसच्या कडेचे डोंगर पेटले आणि १६,०००हून अधिक इमारती जळाल्या. आग भडकली तेव्हा महापौर कॅरेन बास घानाच्या दौऱ्यावर होत्या; ते त्यांना राजकीयदृष्ट्या महागात पडले. ऑक्टोबरमध्ये आग लावल्याच्या आरोपावरून एकाला अटक झाली. आपल्या शहरांना असा वणवा कुठला, असे नागपुरात बसून वाटेल. भांडेवाडीच्या रहिवाशांना मात्र तसे वाटणार नाही. उन्हाळ्यात तिथला कचरा पेटतो आणि धूर घराघरांत शिरतो. आपल्याकडे शहराचा वणवा कचऱ्याच्या डोंगरावर पेटतो, आणि त्याचा मोठा धडा २०१६ साली मुंबईतल्या देवनारने दिला.

कचऱ्याचा ढीग पेटतो कसा? ओला कचरा खोल दाबला गेला की हवेविना कुजतो आणि मिथेन तयार होतो. वर प्लास्टिक, कापड, कागद असतोच. एकदा आग आत शिरली की ती पोटात धुमसत राहते. वरून पाणी मारले तर पृष्ठभाग विझतो, गाभा नाही. म्हणूनच अशा आगी दिवसेंदिवस चालतात.

देवनारला १९२७पासून कचरा पडतो आहे. २०१६च्या जानेवारीअखेर लागलेल्या आगीचा धूर उपग्रहाच्या छायाचित्रांतही दिसला. परिसरातल्या पालिका शाळा बंद ठेवाव्या लागल्या. मार्चमध्ये पुन्हा मोठी आग लागली. धुराचा पहिला घास ठरली गोवंडी, शिवाजीनगर, बैंगनवाडीची वस्ती. २००९च्या मुंबई मानव विकास अहवालात हाच एम-पूर्व विभाग तळाशी होता. शहराचा कचरा जिथे जातो, तिथेच शहराची गरिबीही राहते.

मग गुन्हेगाराचा शोध सुरू झाला. कचरा जाळला की वायरवरचे प्लास्टिक जाते आणि तांबे हाती येते. भंगाराच्या धंद्यात त्याला भाव आहे. पोलिसांनी भंगार व्यावसायिकांना अटक केली. काडी ओढणाऱ्याला शिक्षा व्हायलाच हवी. पण जळण रचले कोणी? कचऱ्यावर प्रक्रिया करण्याची व्यवस्था ३१ डिसेंबर २००३पर्यंत उभी करा, असे २००० सालच्या नियमांनी पालिकांना बजावले होते. ती मुदत उलटून बारा वर्षे झाली होती. काडी ओढणाऱ्यावर गुन्हा दाखल करता येतो, मुदत चुकवणाऱ्या व्यवस्थेला आरोपीच्या पिंजऱ्यात कोण उभे करणार?

तो प्रयत्न न्यायालयाने केला. फेब्रुवारी २०१६मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने पुनर्विकासासारखे अपवाद वगळून शहरातल्या नव्या बांधकामांच्या परवानग्या रोखल्या. कचऱ्याची सोय नसेल तर नवी घरे कशाला, हा साधा हिशेब होता. त्याची झळ पहिल्यांदाच धुरापासून दूर राहणाऱ्यांना लागली. २०१८मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अटींवर ही बंदी तात्पुरती उठवली. दरम्यान राजकारणही तापले. राहुल गांधी देवनारला येऊन गेले. पालिकेत एकत्र सत्तेवर असलेले शिवसेना आणि भाजप २०१७ची निवडणूक वेगवेगळे लढले. सेनेला ८४, भाजपला ८२ जागा मिळाल्या. सत्तेची गणिते बदलली, डोंगर तिथेच राहिला.

त्याचे बिल २०२५मध्ये कळले. १ कोटी ८५ लाख टन जुना कचरा हटवण्यासाठी पालिकेने २,३६८ कोटी रुपयांची निविदा काढली, म्हणजे टनामागे सुमारे १,२८० रुपये. त्याच जागेतले सुमारे १२४ एकर धारावी पुनर्विकासासाठी देण्याचे ठरल्यावर पुन्हा वाद पेटला: शंभर वर्षांच्या कचऱ्यावर माणसे वसवायची का?

या बिलात गोवंडीतल्या मुलांच्या खोकल्याचा आकडा नाही. भांडेवाडीचा हिशेब मांडताना तो राहून जाऊ नये. पुढच्या उन्हाळ्यात तिथे धूर निघालाच, तर काडी कोणी ओढली हे जरूर विचारावे. पण त्याआधी ओला आणि सुका कचरा आपल्याच दारात एकत्र कोणी केला, हेही विचारावे.