गावी आल्यावरचे पहिले आठ दिवस

पाडवा झाला, कारखान्यांचे पट्टे पडले, आणि पाच-सहा महिने बंद असलेली घरं उघडायला लागली. कोणाच्या घरात जाळ्या झाल्यात, कोणाचा पत्रा उडालाय. घर तर आपण झाडूनपुसून घेऊच. पण त्याबरोबर आणखी एक काम पहिल्या आठ दिवसांत उरकायचं असतं, ते म्हणजे हिशोब. आज त्याच्याबद्दल बोलायचंय.

मी स्वतः अकरा पट्टे केलेत. पहिली काही वर्षं हिशोब म्हणजे पुरुषमाणसांचं काम, असंच मी धरून चालले होते. एका वर्षी गावी आल्यावर मुकादमानं सांगितलं, "तुमच्या अंगावर बावीस हजार बाकी आहे." मालकांनी मान हलवली. माझ्याकडेही काही लिहिलेलं नव्हतं, मग बोलणार काय? ती बाकी फेडायला पुढच्या वर्षी उचल वाढवली आणि हात कमी पडू नयेत म्हणून थोरलीला आठवीतून काढून फडावर नेलं. ती पुन्हा शाळेत गेली नाही. बाकी तीन वर्षांत फिटली, पण शाळा सुटली ती सुटलीच.

म्हणून सांगते, पहिलं काम असं करा. एक वही घ्या आणि मधोमध रेघ मारा. डावीकडे 'घेतलं' आणि उजवीकडे 'कापलं' असं लिहा.

'घेतलं' मध्ये पट्ट्याआधी घेतलेली उचल येते, आणि दर पंधरवड्याला बाजारासाठी घेतलेली खर्चीही येते. दवाखान्याला मागून घेतलेले पैसे, खाडा झाल्यावर लावलेला दंड, सगळं तिथेच लिहा. 'कापलं' मध्ये किती टन ऊस तोडला आणि दर काय, एवढंच.

एक उदाहरण घेऊ. जानेवारी २०२४ मध्ये तोडणीचा दर वाढून टनाला सुमारे ३६६ रुपये झाला. तुमच्या गाडीचा दर वेगळा असेल तर तो धरा. समजा एका कोयत्यानं एक लाख उचल घेतली आणि पट्टाभर ३१० टन ऊस तोडला. ३१० गुणिले ३६६ म्हणजे १,१३,४६० रुपये. वाटतं, उचल फिटून तेरा हजार सुटले. पण दर पंधरवड्याला दोन हजार याप्रमाणे दहा वेळा खर्ची घेतली होती, ते झाले वीस हजार. घेतले १,२०,०००, कापले १,१३,४६०. म्हणजे सुटलं काहीच नाही, उलट ६,५४० रुपये अंगावर आले. बाकी अशी खर्चीतून येते, आणि ती ध्यानात राहत नाही.

हा हिशोब नवऱ्याबरोबर बसून करा आणि मग दोघंही मुकादमाकडे जा. त्याची वही आणि आपली वही शेजारी ठेवा. वजनाच्या पावत्या असतील तर त्या काढा. आमच्या हिशोबात पुढच्या एका वर्षी नऊ टन कमी लागले होते. पावती दाखवल्यावर भांडण न होता ते लागले. आणि एक लक्षात ठेवा, कोयता म्हणजे दोन माणसं. त्यातली अर्धी मजुरी तुमची आहे, तेव्हा हिशोबाला बसायचा हक्कही तुमचा आहे.

दुसरं काम बँकेचं. पासबुक भरून आणा. लाडकी बहीणचे दरमहा १,५०० रुपये ज्यांना मंजूर आहेत, त्यांनी आपण बाहेर असताना किती हप्ते जमा झाले ते मोजावं. एखादा अडकला असेल तर आत्ताच विचारा. खात्यात निदान पाचशे रुपये राहू द्या, कारण सरकारी विम्याचे पैसे मे अखेरीस खात्यातून कापले जातात. अपघात विम्याला वर्षाला २० रुपये लागतात आणि जीवन विम्याला ४३६. दोन्हींत दोन-दोन लाखांचं संरक्षण आहे. जीवन विमा १८ ते ५० वयातच सुरू करता येतो. रात्री-अपरात्री ट्रॉलीवर बसून जाणाऱ्या आपल्यासारख्यांना २० रुपये जड नाहीत. पण आधी बँकेत अर्ज भरलेला हवा, आणि खात्यात पैसे हवेत.

तिसरं काम हातातल्या पैशाचं. वाढे विकून चार पैसे बहुतेकींनी बाजूला टाकलेले असतात. ते मुकादमाच्या हिशोबात येत नाहीत, ते तुमचे. गावी आलो की लग्नं, जत्रा, पाहुणे सुरू होतात आणि महिनाभरात पैसे कुठं गेले कळत नाही. म्हणून आल्या-आल्या चार वाटे करा: बियाणं-खत, जूनमधली शाळा, आजारपण, आणि दिवाळीपर्यंतचा किराणा. आजारपणाचा वाटा घरात ठेवू नका, बचत गटात किंवा खात्यात ठेवा. आहेरपाण्याचा खर्च या चार वाट्यांनंतर उरेल त्यातून.

आता शेवटचं, आणि सगळ्यात मोठं. पावसाळ्यात मुकादम उचल घेऊन दारात येईल. त्या वेळी रुपये मोजू नका, दिवस मोजा. कोयता दिवसाला दोन टन तोडतो असं धरलं, तर दहा हजार उचल फेडायला सत्तावीस टन लागतात, म्हणजे जवळजवळ चौदा दिवस. पंधरा हजारांचा मोबाईल म्हणजे वीस दिवसांची तोड, तीही दोघांची. पहाटेच्या थंडीत, पाचटात, डोक्यावर मोळी घेऊन. एवढं मोजल्यावरही घ्यावंसं वाटलं तर जरूर घ्या. मात्र नड खरी असेल तर आधी गटाकडे विचारा. सावकार शेकडा तीन ते पाच रुपये व्याज लावतो. गटात शेकडा दोन रुपये असले तरी दहा हजारांना महिना दोनशे होतात, आणि ते व्याज गटातच राहतं.

उचल घ्यायची ठरलीच, तर रक्कम आणि दर कागदावर लिहून दोघांच्या सह्या करा आणि एक प्रत स्वतःजवळ ठेवा. ग्रामपंचायतीत ऊसतोड कामगार म्हणून नोंद करून ओळखपत्रही मागा.

आमची धाकटी यंदा दहावीला आहे. वहीत टन लिहायचं काम आता तिच्याकडे असतं. फडावर मात्र ती येत नाही, आजीजवळ राहते. तुमच्या घरातही लिहिता येणारं कोणीतरी असेलच. त्याला आज रात्री जेवणं झाल्यावर वही घेऊन शेजारी बसवा.